नयनच्या खेळातले शब्द

आमसरी, ता. दिग्रस
१४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रेरणा,
जय भीम.

मी नयनची आई, शकुबाई. तुले दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तू रडली अन् फोन ठेवून देल्ला. दुसऱ्यांदा बंद आला. मंग ढाणकीले तुया बाबांशी बोलली. ते म्हणाले, यवतमाळच्या नर्सिंगच्या होस्टेलात मोबाईल जमा करून घेतात, रविवारी तासभर देतात. म्हणून पत्र लिहून राह्यली. शाळेत खिचडी शिजवते म्हणून कोणाले वाटत नाही, पण मी दहावी पास आहे.

तिले जाऊन पन्नास दिवस झाले. शाळेच्या आवारात नाग डसला अन् दिग्रसच्या दवाखान्यात नेता नेता ऑटोतच गेली, एवढं तुले माहीत आहे. तू मातीले आली नाही. त्याचा राग नाही, दिवाळीच्या दिवसात ढाणकीवरून एकटी पोरगी कशी येईन.

पोलिसांनी तिचा मोबाईल परत देल्ला. शेजारच्या ममतानं उघडून देल्ला. त्यात तुमच्या त्या बंदुकीच्या खेळाचं लय काही आहे. बोलणं मराठीच आहे, पण मले एक ओळ उमगत नाही. ती घरी सांगाले यायची, 'आई, आज पाह्य न काय झालं', तर मी म्हणो, आधी भांडे घास. आता भांडे मीच घासते अन् विचाराले कोणी नाही.

दिग्रसच्या होस्टेलात दोन वर्षं एका खोलीत राह्यल्या तुम्ही. तुयाशिवाय कोणाले विचारू? मी शब्द लिहून देते, तू अर्थ सांग. नॉक, रिव्हाइव्ह, झोन, लूट, कॅम्पर, साप, कॉल, लॅग, एएफके. खेळातला अर्थ सांग, डिक्शनरीतला नको.

तुयी काकू,
शकुबाई मनवर


यवतमाळ
२३ डिसेंबर २०२५

आदरणीय काकू,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मेट्रनबाईंनी हातात दिलं तेव्हा पाकिटावरचं नाव वाचून मी ते रात्रीपर्यंत तसंच पुस्तकात ठेवलं. मी फोन ठेवला, त्याबद्दल माफ करा. बोलवत नव्हतं.

काकू, तो खेळ असा असतो. एका मोठ्या मैदानात शंभर लोक उतरतात. त्यात आपला तीन-चार जणांचा गट. आमच्या गटात मी, नयन आणि पुसदचा विक्की. विक्कीला आम्ही कधी पाहिलं नाही, नुसता आवाज ओळखीचा. फोनवर बोलावं तसं खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. उतरल्यावर घराघरांतून बंदुका आणि औषधं गोळा करायची, ती लूट. मैदानाभोवती एक निळं रिंगण असतं, ते आकसत येतं. त्याच्या बाहेर राहिलं की जीव कमी होतो, ते रिंगण म्हणजे झोन. एकाच जागी दबा धरून बसतो तो कॅम्पर. नयनला असले लोक अजिबात आवडायचे नाहीत.

नॉक म्हणजे मेलेलं नाही. गोळी लागली की माणूस खाली पडून गुडघ्यांवर रांगतो. थोडा वेळ असतो त्याच्याकडे. तेवढ्यात सोबतचा कोणी पोहोचला तर त्याला उठवतो, ते रिव्हाइव्ह. मी सारखी नॉक व्हायचे. नयन गोळ्यांमधून यायची मला उठवायला. विक्की ओरडायचा, सोड तिले, तू पण मरशील. ती म्हणायची, 'थांब बे, जीव आहे तिच्यात अजून.'

कॉल म्हणजे दुश्मन कुठे आहे ते सोबत्याला ओरडून सांगणं. 'कॉल दे, कॉल कर' हे आम्ही मिनिटाला एकदा म्हणायचो. लॅग म्हणजे नेट कमी पडणं. मग आवाज तुटतो, शब्द ओढल्यासारखे येतात. आणि एखादा खेळात उभा दिसतो पण हलत नाही, बोलत नाही, म्हणजे फोन ठेवून कुठं तरी गेला, तो एएफके. इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं आहेत ती.

त्या दिवशी आम्ही थोडा वेळच खेळलो. मग तिचं नेट गेलं. मला वाटलं घरी गेली असेल.

तब्येतीला जपा. जेवत जा.

तुमची,
प्रेरणा


आमसरी
३ जानेवारी २०२६

प्रिय प्रेरणा,
जय भीम.

तुयं पत्र चारदा वाचलं. चांगलं समजावून सांगतलं तू. नयन तुले उठवाले जायची, ते वाचून मी चुलीपाशी बसून राह्यली, भात लागला.

पण मी नऊ शब्द लिहिले होते. तू आठाचे अर्थ सांगतले. आधी वाटलं विसरली असशीन. मंग वाटलं, नर्स होणारी पोरगी यादीतलं एक नाव असं बराबर कसं विसरीन?

मीही तुयापासून एक गोष्ट लपवली. आता सांगते. नयन खेळतानी मोबाईलचा पडदा अन् सगळ्यायचा आवाज भरून ठेवत होती. ममता म्हणते, चांगला खेळ झाला तर लोकायले दाखवाले ठेवतात. त्या दुपारचंही आहे. सत्तेचाळीस मिनिटं. मोबाईलची बॅटरी संपली तिथं थांबते. मी महिनाभरापासून ऐकून राह्यली.

शाळेले दिवाळीची सुट्टी होती. फाटकाले कुलूप. शाळेचं वायफाय चालू राह्यते, हे तिले माहीत होतं, हेडमास्तरायचे ऑनलाईन कामं तीच करून देत होती. भिंतीवरून चढून आत गेलती अन् खिचडीच्या शेडच्या सावलीत सरपणाले टेकून बसली होती. गावात कोणी नाही, सगळे कापूस वेचाले. मीही.

एकोणिसाव्या मिनिटाले ती ओरडते. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

नयन म्हणते, 'साप! साप, साप!'

तू म्हणते, 'कुठं वो?'

'डसला मले. पेरणा, साप डसला. हाताले.'

अन् प्रेरणा, तू हसते. तू म्हणते, 'मेली का परत? थांब, येते उठवाले.'

तो पोरगा म्हणते, 'कुठं आहे साप, कॉल दे.'

नयन म्हणते, 'कॉल कर. पेरणा, कॉल कर न वो.'

तू म्हणते, 'कॉल देऊन तर राह्यली! पिवळ्या घराच्या मांगं एक आहे.'

मंग मोबाईल खाली पडल्याचा आवाज येते. धावत जाते ती. फाटक वाजते. दुरून 'आई वो, आई वो' ऐकू येते. तिचा हात सुजला असन, भिंत चढता आली नसन. तो पोरगा म्हणते, 'एएफके झाली वाट्टे, मी बी चाललो जेवाले.' तेहतिसाव्या मिनिटाले ती परत येते मोबाईलपाशी. बोलते, पण जीभ जड झाली होती तिची. 'आईले' एवढं मले ओळखू येते, मी आई आहे म्हणून. तू म्हणते, 'नयन, लॅग आहे तुले, आवाज ओढून येऊन राह्यला. एकदा बाहेर निघून परत ये.'

पाच वाजता बकऱ्या घेऊन येणाऱ्या नेमसिंगले ती फाटकाच्या आतून दिसली.

तू काहून हसली, प्रेरणा? साप म्हणजे तुमच्यात काय?

शकुबाई


यवतमाळ
१९ जानेवारी २०२६

काकू,

पत्र आलं त्याला बारा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि रोज फाडते.

खेळात काही जण गवतात पोटावर पडून राहतात, दिसत नाहीत. आपण जवळून गेलो की मारतात. सगळे त्यांना स्नेक म्हणतात. नयन म्हणाली, कायचं स्नेक, साप म्हणा न सरळ. तेव्हापासून आमच्यात साप. असा कोणी मारला की ती ओरडायची, 'मेली वो मी, साप डसला!' आणि स्वतःच हसायची. त्या सुट्टीत हे वाक्य तिनं शंभरदा म्हटलं असेल. त्या दिवशी सकाळीही दोनदा म्हटलं होतं. आम्ही शंभरदा हसलो, काकू, आणि त्या वेळीही हसलो.

पण खोटं नाही बोलणार आता. 'हाताले' हा शब्द मी ऐकला होता. खेळात हाताला डसला असं कोणी म्हणत नाही. मला एक क्षण वाटलं, हे काय म्हणाली ही? तेवढ्यात बाजूला बॉम्ब फुटला आणि मी पळाले. परत विचारलं नाही.

आणि लॅग. मी दुसऱ्या वर्षाला आहे. नाग चावला तर आधी पापण्या जड होतात, मग जीभ जड होते, बोलणं ओढल्यासारखं येतं, मग श्वास. हा प्रश्न मला दिवाळीच्या आधी परीक्षेत आला होता. पूर्ण गुण मिळाले. पंधरा दिवसांनी तेच माझ्या कानात, माझ्या मैत्रिणीच्या आवाजात वाजलं आणि मी तिला नेट बघायला सांगितलं.

म्हणून मी मातीला आले नाही. एकटी म्हणून नाही. बाबा मला घेऊन यायला तयार होते.

काकू, एकच विचारते, रागावू नका. तिच्या हातात फोन होता. तिनं सरळ तुम्हाला फोन का नाही लावला? मी रोज रात्री हेच विचारते. तुम्हाला लावला असता तर माझं हसणं नुसतं हसणं राहिलं असतं.

प्रेरणा


आमसरी
२७ जानेवारी २०२६

प्रेरणा,

विचारलं ते बरं केलं. गावात सगळे हेच विचारतात अन् मी म्हणते, घाबरली असन.

तिच्या मोबाईलात सिम नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी काढून घेतलं होतं. मुक्त विद्यापीठाच्या दोन विषयांत राह्यली ती, अन् दिवसभर तो खेळ. मी म्हटलं, पास होशीन तवा सिम भेटन. तिनं आदळआपट केली नाही. पिनेनं स्वतःच काढून देल्लं माया हातात. मी आगपेटीच्या डबीत घालून तांदळाच्या कोठीत ठेवलं.

मले वाटे, सिम नाही तर मोबाईल बंद, खेळ बंद. वायफाय काय असते हे मले कुठं माहीत! ती शाळेत जाऊन बसते हे मले माहीत होतं. मले वाटे, अभ्यासाले जाते, तिथं थंड राह्यते. मी मनात खूश होत होती, का सिम काढलं तर पोरगी पुस्तक घेऊन बसाले लागली.

माया मोबाईल बटनाचा. त्यावर तुमचं ते व्हॉट्सॲप लागत नाही. सिम नसताना वायफायवरून मले फोन लागूच शकत नव्हता, ममतानं समजावून सांगतलं. म्हणजे त्या दुपारी तिच्या हातात फोन होता अन् नव्हताही. बोलायले फक्त तुम्ही दोघं होते. अन् माया नंबर असलेली एकटी तू.

तो सरपणाचा ढीगही मीच रचला होता, सुट्टी लागायच्या आधी. पोलीस पाटलानं पंचनाम्यात 'शाळेचे सरपण' लिहिलं. शकुबाईचं नाही लिहिलं.

नयनचे बाबा असते तर कोणासंगं भांडता आलं असतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. आता घरात भांडाले मी अन् भिंत.

आता मायं ऐक. तू लॅग म्हटलं ते छत्तिसावं मिनिट. त्याच्या पुढं अकरा मिनिटं ती बोलते. तुटक बोलते, पण बोलते. तो पोरगा निघून गेलता. तू तिथंच होती. तुया बंदुकीचा आवाज येते, पायांचा आवाज येते. एकदा तू खाकरली. ती तुयाशीच बोलून राह्यली, नाव घेऊन. अन् तू एक अक्षर बोलत नाही. आधी हसली ते समजलं. लॅग समजला. हे मले समजत नाही. अकरा मिनिटं ऐकून माणूस गप कसं राह्यते?

शकुबाई


यवतमाळ
९ फेब्रुवारी २०२६

काकू,

एक शब्द तुमच्या यादीत नव्हता, कारण तो कोणी तोंडानं बोलत नाही. नुसतं बोट लावायचं असतं. म्यूट.

सोबत्याच्या आवाजाचा त्रास होत असला की त्याच्या नावापुढच्या खुणेवर बोट लावायचं. तो बोलत राहतो, आपल्याला ऐकू येत नाही. त्याला कळतही नाही. त्याला वाटतं आपण ऐकतोय.

तिचा आवाज ओढून येत होता, त्यात मला दुश्मनांच्या पायांचा आवाज ऐकू येईना. थोडेच जण उरले होते. मी तिला म्यूट केलं. नेट नीट झालं की चालू करू, असं म्हटलं आणि विसरले.

मी ती अकरा मिनिटं ऐकलीच नाहीत. हे तुम्हाला कळलं नसतं, तिच्या फोनमध्ये याची खूण नाही. मला वाटलं होतं, हे माझ्याबरोबर जाईल. पण ऐकून गप्प बसले असं तुम्ही समजता आहात, ते सहन होत नाही. हे त्याहून बरं आहे का, ते मला माहीत नाही.

मी शेवटपर्यंत राहिले आणि जिंकले. गटातला एक जरी टिकला तरी सगळ्यांची नावं येतात. पडद्यावर आम्हा तिघांची नावं आली, नयनचंही. मी तिला मेसेज टाकला, 'जिंकलो वो आपण! कुठं मेली?' असंच लिहिलं काकू, या शब्दांत. तुम्ही वाचला असेल.

वॉर्डात माझ्याकडून चुका होतात. परवा सिस्टरनी इंजेक्शन माझ्या हातातून काढून घेतलं. बाबा म्हणतात परत ये. काय करू कळत नाही.

ती त्या अकरा मिनिटांत काय म्हणाली? सांगा मला. सांगणार नसाल तर तसं लिहा, मी परत विचारणार नाही.

प्रेरणा


आमसरी
२ मार्च २०२६

प्रेरणा,

तुयं पत्र आलं तवा आधी मले लय राग आला. शाळेत खिचडीत मीठ दोनदा पडलं, लेकरांनी तसंच खाल्लं, कोणी मले काही म्हटलं नाही. मंग राग गेला. राग असता तर बरं होतं, त्याच्या आधारानं दिवस तरी निघाला असता.

माफ केलं म्हणून लिहू का? तुले बरं वाटन म्हणून लिहिता येते. पण खोटं लिहून काय करू? मी आगपेटीची डबी अजून उघडली नाही. मले स्वतःले काही देता येत नाही, तुले कुठून देऊ? शिक्षण सोडू का ठेवू, तेही मले विचारू नको.

तो मेसेज मी वाचला होता. ममतानं मोबाईल उघडून देल्ला त्याच दिवशी. मले वाटलं, तुले सगळं माहीत होतं अन् तरी लिहिलं. तसं नव्हतं, एवढं आता समजलं.

त्या अकरा मिनिटांचं मी कोणाले ऐकवलं नाही. ममताले बाहेर पाठवून एकटीच ऐकते. गावात कोणाले सांगता येत नाही, सासरी-माहेरी कोणाले सांगता येत नाही. ज्याले नयनचा आवाज पाठ आहे अशा आपण दोघीच आहोत. म्हणून लिहून राह्यली. तुले शिक्षा म्हणून नाही. मायाच्यानं आता एकटीनं ऐकवत नाही.

आधीचे दोनेक मिनिटं नुसता श्वास आहे. जड. मंग ती म्हणते, 'पेरणा, तू ऐकून राह्यली न? हां म्हण.' थांबते. 'नुसतं हां म्हण वो.' असं चारदा. रागानं नाही. तू तिले उठवाले येऊन राह्यली असं तिले वाटत होतं, आवाजावरून मले तसं लागते. तू होस्टेलात झोपेतून उठत नव्हती तवा जशी हाका मारत असन, तशा हाका.

मंग ती माया नंबर सांगते. तुयाजवळ होताच, पण त्या वेळेस तिले काय सुचलं असन. पहिल्या खेपेले दहाच्या दहा आकडे बराबर आले. सावकाश, लिहून घेणाऱ्याले सांगावे तसे. दुसऱ्या खेपेले सात. मंग चार. नंबर नवापासून सुरू होते, तर शेवटी नुसतं 'नऊ' म्हणते अन् थांबते. पुन्हा 'नऊ'. ते 'नऊ' पण पुरं नाही, ओठ मिटत नव्हते तिचे. मी मोजाले बसली होती किती वेळा म्हणते, मोजता आलं नाही.

त्या दुपारी मी बांधाच्या पलीकडं कापूस वेचत होती. शाळेपासून चालत पाव तास. मोबाईल कमरेच्या पिशवीत होता, चार्जिंग केलेला, आवाज मोठा केलेला. मधात एकदा मी काढून पाह्यला, किती वाजले म्हणून. चार वाजाले दहा कमी होते. कोणाचाच फोन आला नव्हता. मी परत पिशवीत ठेवला अन् पुढची ओळ धरली.

नयनची आई